हिरड्यांच्या ट्रायलच्या कागदावर सही करण्याआधी काय काय बघायचं

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर आई बहिणीकडे मुंबईला गेली होती, तेव्हा तिला एका डेंटल कॉलेजात दाखवलं. खालचे पुढचे दात हलत होते आणि सकाळी चूळ भरली की रक्त यायचं. तपासून झालं, शुगर आहे का विचारलं आणि मग एक शिकाऊ डॉक्टर ताई कागद घेऊन आल्या, आमचा एक अभ्यास चालू आहे, हिरडीत जेल भरायचं, मावशी तुम्ही भाग घ्याल का. कागद सगळा इंग्रजीत. आई माझ्याकडे बघतेय, मी कागदाकडे, मागे लाईन लागलेली. त्या दिवशी सही न करता आलो आणि गुहागरला परत आल्यावर मी पंधरा दिवस रात्री जेवणं झाली की हेच वाचत बसायचो. ते सगळं इथे लिहितोय, कारण आपल्याकडे पायोरिया, म्हणजे हिरड्या सुजून दात हलायला लागतात तो आजार, घरोघरी आहे आणि असा कागद उद्या तुमच्याही समोर येऊ शकतो.

पहिलं काम, घरातलं एक वाक्य बाजूला ठेवायचं. "आजोबांनी जन्मात ब्रश हातात धरला नाही, शेवटपर्यंत सुपारी फोडत होते." हे खरं असू शकतं, पण त्यावरून काही ठरत नाही. श्रीलंकेत चहाच्या मळ्यातल्या ४८० पुरुष कामगारांना १९७० पासून १५ वर्षं तपासत राहिले होते, यातले कोणी दात घासत नव्हते, दाताचा डॉक्टर माहीत नाही, सगळ्यांच्या दातांवर कीटणाचे थर. तरी त्यातल्या ११ टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेच्या पुढे गेलाच नाही, ८१ टक्क्यांचा मध्यम वेगाने वाढला आणि ८ टक्क्यांचे दात भराभर गेले. म्हणजे आजोबा त्या ११ टक्क्यांतले असणार. एका माणसाचं काहीही होऊ शकतं म्हणूनच ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवर औषध तपासून बघायच्या अभ्यासात, दोन गट करतात, एकाला नवीन औषध, दुसऱ्याला फक्त नेहमीची ट्रीटमेंट, आणि कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरच्या मर्जीने नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायचा, तो मराठीत सरळ विचारा: "ह्या औषधाची तुलना कशाशी करताय?" नुसतं "जेल लावल्यावर ९० टक्के लोकांना बरं वाटलं" असं कुणी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही, कारण जेलच्या आधी सगळ्यांची खोल क्लिनिंग केलेली असते, म्हणजे स्केलिंग आणि मुळं घासून साफ करणं, आणि ह्या क्लिनिंगनेच बराचसा फरक पडतो. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीला पॉकेट म्हणतात, बारीक खुणांची सळई घालून ते मिलिमीटरमध्ये मोजतात, १ ते ३ असेल तर ठीक. ४ ते ६ मिलिमीटरची पॉकेट नुसत्या खोल क्लिनिंगने सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास कमी होतात आणि ७ च्या पुढची असतील तर दोनच्याही वर. आता नवीन जेलने त्याच्यावर आणखी पाव-अर्धा मिलिमीटर फरक पडला तर तो पेशंटला कळणार आहे का, ते बघायला पाहिजे, कारण हाताने मोजताना एक मिलिमीटर इकडे-तिकडे सहज होतं, तेसुद्धा एकाच डॉक्टरने दोनदा मोजलं तरी. म्हणून मोजणाऱ्याला हा पेशंट कुठल्या गटातला ते माहीत नसावं लागतं. हेही विचारा, लाजू नका.

अजून एक गंमत वाचताना लक्षात आली. अभ्यासात नाव घातलं की माणूस आपोआप नीट ब्रश करायला लागतो, त्यामुळे साधी पेस्ट वापरणाऱ्या गटाच्या हिरड्यासुद्धा सुधारतात. हिरड्यांना रोजच्या सफाईचा किती फरक पडतो ते १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो या डॉक्टरांनी दाखवलं, हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं, दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि परत घासायला लागल्यावर आठवड्याभरात उतरल्या. म्हणून हळद, त्रिफळा, तेलाच्या गुळण्या यांचे अभ्यास वाचताना दुसऱ्या गटाला काय दिलं होतं ते आधी शोधा आणि दिवस मोजा. वीस माणसं आणि एकवीस दिवस एवढ्यावर सूज कमी झाली म्हणता येईल, हलणारा दात टिकला असं नाही म्हणता येणार. आमच्या घरी खोबरेल तेल घाण्याचं असतं आणि आई गुळण्या करते, करू देत, पण क्लिनिंगच्या ऐवजी नाही.

काही अभ्यासांत एकाच तोंडाचे दोन भाग करतात, उजवीकडे जेल, डावीकडे नाही. ऐकायला छान वाटतं, माणूस तोच असल्यामुळे शुगर, खाणं, सवयी सगळं सारखं. पण लाळ दोन्हीकडे फिरते, औषध पलीकडे गेलं की फरक पुसट होतो. एवढं लक्षात ठेवून वाचा.

आता आपल्या बायकांचा मुद्दा, आणि ह्यासाठीच मी एवढं लिहायला घेतलं. आई चाळीस वर्षं मशेरी लावतेय. तव्यावर तंबाखू भाजायची, वाटायची आणि डबीत भरून ठेवायची, सकाळी उठल्यावर आणि दुपारी काम आटपलं की. हिरड्यांच्या पुष्कळ ट्रायलमध्ये तंबाखूवाले आणि शुगरवाले घेतच नाहीत, कारण त्यांच्यात जखम नीट भरत नाही आणि आकडे बिघडतात. अभ्यास करणाऱ्यांच्या बाजूने ते बरोबर आहे. पण मग जो निकाल येतो तो निर्व्यसनी, शुगर नसलेल्या माणसांचा असतो आणि तोच आपल्या आयांना लावला जातो. तेव्हा कागदावर कोणाला घेणार आणि कोणाला नाही हा भाग पहिला वाचा. आणि मशेरी लपवून नाव घालू नका. बायका लाजेने "नाही लावत" म्हणतात, त्याने अभ्यासही खोटा होतो आणि आपल्याला धोकाही. दात घासायच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीला कोण बघतंय. विडी-सिगरेटवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा, धुरामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतून हाड झिजत असलं तरी वरून सगळं ठीक वाटतं.

शुगरचं थोडं सविस्तर सांगतो कारण एका अभ्यासावर का भरवसा ठेवायचा नाही ते इथे कळतं. २०१३ साली अमेरिकेत ५१४ डायबेटिसवाल्यांचा अभ्यास आला, हिरड्यांची ट्रीटमेंट करून सहा महिन्यांनी बघितलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीएवनसीत, काही फरक नाही. लगेच दुसऱ्या तज्ज्ञांनी हरकत घेतली की ट्रीटमेंटच पुरेशी झाली नव्हती, हिरड्यांची सूज बरीच तशीच होती. मग २०२२ मध्ये कोक्रेन नावाच्या संस्थेने असे ३५ अभ्यास एकत्र करून बघितले तर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसीचा आकडा सरासरी ०.४३ ने, म्हणजे ८ चा ७.५७ इतका, उतरलेला दिसला. म्हणजे गोळी बंद करण्याइतकं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. आईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा मनापासून क्लिनिंगला तयार झाली, तोवर तिचं एकच, "मशीन फिरवलं की दात गदगदा हलतात." ते का वाटतं तेही सांगून ठेवतो, हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाने दात एकमेकांना चिकटून धरलेले असतात, कीटण निघालं आणि सूज उतरली की फटी दिसायला लागतात.

अँटिबायोटिकच्या ट्रायलही असतात, अॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी जास्त. क्लिनिंगबरोबर घेतलं तर थोडा जास्त फायदा दिसतो, तरी २०२० च्या युरोपच्या गाइडलाइनमध्ये सरसकट देऊ नका असंच सांगितलंय. त्यामुळे मेडिकलमधून स्वतःहून पाकीट आणू नका.

ट्रायल खरी आहे का ते कसं बघायचं? भारतात सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेकडे, २००७ पासून, आणि ती मोबाईलवर फुकट बघता येते. कागदावर सीटीआरआयच्या पुढे वर्ष, महिना आणि नंबर असतो, तो मागून घ्या आणि शोधा. तिथे किती माणसं घेणार, कशाशी तुलना, मुख्य काय मोजणार आणि किती दिवसांनी, एथिक्स कमिटीची (पेशंटवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीची) परवानगी, सगळं लिहिलेलं असतं. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते, नंतरची चालत नाही. हे चांगलं आहे, कारण आधी "पॉकेट मोजणार" लिहून नंतर "रक्त कमी झालं" एवढंच छापलं तर आपल्याला पकडता येतं.

सहीच्या वेळी कागद आपल्या भाषेत मागायचा, घरी न्यायला मागायचा, आपली कॉपी आपल्याकडे ठेवायची. मधेच सोडायचं असेल तर सोडता येतं आणि त्याने नेहमीची ट्रीटमेंट थांबत नाही, हा आपला हक्क आहे. त्रास झाला तर खर्च कोण करणार, प्रवासाचे पैसे मिळणार का, आणि नुसत्या क्लिनिंगच्या गटात पडलो तर अभ्यास संपल्यावर पुढे काय, हे तोंडी नको, कागदावर दाखवा म्हणायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारायची वाट न बघता सांगायचं.

आणि तारखा. ट्रायलमध्ये सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा फेऱ्या असतात आणि मधली चुकली तर आपला आकडा अर्धवट राहतो. आंब्याच्या दिवसांत कोणाला घर सोडता येत नाही, जुलैत घाट कधी बंद होईल सांगता येत नाही, गणपतीत गाडीला जागा नसते. म्हणून मी परत त्या ताईंना फोन केला, मराठी कागद मागितला (त्यांनी पाठवला, आणि शांतपणे वाचूनही दाखवला) आणि तारखा विचारल्या. शुगर आणि मशेरीमुळे आई त्या अभ्यासात बसतच नव्हती. तेव्हा खेडच्या डेंटल कॉलेजात साधी खोल क्लिनिंग करून घेतली, सकाळच्या एस्टीने गेलो आणि संध्याकाळी परत. सिंधुदुर्गातल्या खालच्या अंगाच्या लोकांना गोव्याला बांबोळीचं डेंटल कॉलेज जवळ पडेल. पहिल्या दिवशी पॉकेटचे आकडे कागदावर लिहून मागितले, तीन महिन्यांनी परत मोजून घेतले, ६ चे ४ झालेत दोन ठिकाणी, एका दाढेचं तसंच आहे. मशेरीची डबी अजून आहे, पण दुपारची बंद झालीय. पुढची तारीख शिमग्यानंतरची घेतलीय.