लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेत संशोधन करायचंय? आधी रुग्ण धरून ठेवा

एमएसला (सर्जरीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) लागल्यावर काही महिन्यांतच थीसिसची सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, द्यावी लागते. मुंबईच्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात तेव्हा रेसिडेंटला इमर्जन्सीतून मान वर करायला फुरसत नसते. युनिटमध्ये जो विषय तयार असेल तो घेऊन बहुतेक जण मोकळे होतात. पुढे लठ्ठपणाच्या किंवा पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियेत काम करायचं असेल, तर कृपा करून असं करू नका.

कारण इथले प्रश्न दुसरं कोणी सोडवणार नाही. शस्त्रक्रिया कोणाला करावी याचे जुने निकष १९९१ साली अमेरिकेत ठरले: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि जोडीला मधुमेहासारखा आजार. आपल्या लोकांना मधुमेह त्याच्या कितीतरी आधी गाठतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना मांडली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१ टक्के आणि सहकाऱ्याची ९. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय मर्यादा २७.५ वर आणली. म्हणजे रस्त्यात बघून ज्यांना कोणी लठ्ठ म्हणणार नाही, असेही रुग्ण आता ओपीडीत येणार. दहा वर्षांनी त्यांचं काय होतं, हे आपल्यालाच मोजायचंय.

आणि मोजण्यातच सगळी गोम आहे. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग काढतात. पहिल्या वर्षी वजन झरझर उतरतं, रुग्ण खूश असतो, तारखेला हजर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काहींचं वजन परत चढू लागतं आणि नेमके तेच यायचे थांबतात. सरांसमोर वजनकाट्यावर उभं राहायची लाज वाटते त्यांना. जे आले त्यांचीच सरासरी काढलीत, तर निकाल देखणा दिसतो पण खरा नसतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीज या सर्जननी १९९५ मध्ये जठराच्या बायपासनंतर मधुमेह आटोक्यात येतो हे दाखवलं, तेव्हा जग हललं, कारण त्यांच्याकडे ६०८ रुग्णांची १४ वर्षांची नोंद होती आणि फारच थोडे रुग्ण हातातून सुटले होते.

मुंबईत हे अवघड आहे, पण जमतं. पहिल्या भेटीतच तीन नंबर घ्या: रुग्णाचा, घरातल्या एकाचा, गावच्या एकाचा. संमतिपत्रात तसं स्पष्ट लिहा, एथिक्स कमिटी विचारतेच. चाळ पडते, कुटुंब विरारला नाहीतर बदलापूरला जातं, सिमकार्ड बदलतं. मे महिन्यात आणि गणपतीत कोकणातले रुग्ण गावी असतात, तेव्हाची तारीख देऊच नका. लांबून येणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो, म्हणून रक्ततपासणी, आहारतज्ज्ञ आणि तुमची भेट एकाच फेरीत बसवा. फोनवर आधी वजन विचारू नका. जेवण कसं चाललंय, जळजळ होते का, दम लागतो का, एवढं विचारलं की माणूस बोलता होतो.

आमच्या बायपास झालेल्या एक बाई अशाच जाऊबाईंच्या नंबरवरून सापडल्या. वजन जिथल्या तिथे होतं, पण हिमोग्लोबिन इतकं उतरलं होतं की जिना चढवत नव्हता. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये अन्न नेमकं तो भाग चुकवून जातं. त्यात शाकाहार, आठवड्याचे उपवास, आणि बरं वाटतंय म्हणून बंद केलेल्या गोळ्या. चातुर्मास पाळणाऱ्या रुग्णांच्या बी-१२ आणि प्रथिनांवर कोणी नीट काम केलं, तर मी ते आनंदाने वाचेन. स्लीव्हनंतरच्या ॲसिड रिफ्लक्सचंही तसंच. मात्र शस्त्रक्रियेआधीची एंडोस्कोपी नोंदलेली नसेल, तर नंतरच्या एंडोस्कोपीवरून काही सिद्ध करता येत नाही.

पुढचा रस्ता सगळ्यांना माहीत असतो: नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन सर्जिकल गॅस्ट्रोचं (पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियेचं) तीन वर्षांचं एमसीएच, किंवा मिनिमल ॲक्सेस (दुर्बिणीतून होणाऱ्या) सर्जरीची एफएनबी ही फेलोशिप. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना बघा. १९७९ पासून चालू आहे आणि प्रोटोकॉल लिहायचा सराव तिथेच होतो. क्लिनिकल ट्रायल करणार असाल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. एप्रिल २०१८ पासून ती आधीच करावी लागते, नंतर केलेली चालत नाही.

सिनॉप्सिस देण्याआधी पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या स्टॅटिस्टिशियनना भेटा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही. आणि एमएस होऊन निघताना मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता) तुमच्या लॅपटॉपवर घेऊन जाऊ नका. तो युनिटकडे ठेवा, पुढच्या रेसिडेंटला शेजारी बसवून समजावून द्या, पाचव्या वर्षाचे फोन त्यालाच करायचे आहेत.