नर्मदा परिक्रमेसाठी रजा टाकताय? या चुका टाळा

पायी परिक्रमा सुमारे २,६०० किलोमीटरची. रोजचे २५ धरले की १०४ दिवस होतात, मग साडेतीन महिन्यांचा अर्ज खरडायचा. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या भागाकारात पायाचे फोड नसतात, ताप नसतो आणि समुद्र तर नसतोच. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालात की नर्मदा समुद्राला मिळते तिथे, कठपोरला पोचल्यावर पलीकडे मिठी तलाईला जायला नाव लागते. ती भरती बघून सुटते, आणि परिक्रमावासींची गर्दी असली की नंबर लागेपर्यंत तिथेच मुक्काम. त्यामुळे मागायची तर पाच महिन्यांची रजा मागा. परतल्यावरचे आठवडाभर त्यातच धरा, कारण सुजलेले पाय बुटात कोंबून कामावर जाणं जमत नाही.

चातुर्मासात परिक्रमा होत नाही. निघायचं कार्तिकी एकादशीनंतर, म्हणजे मार्च एंडिंग बरोबर वाटेत येतं. अकाउंट्सवाल्याने दिवाळीच्या तोंडावर अर्ज दिला तर साहेब नाहीच म्हणणार. विषय उन्हाळ्यातच काढा आणि काम कोण बघणार त्याचं नावही सोबत द्या. करबचतीचे पुरावे बऱ्याच ठिकाणी जानेवारीत मागतात, तेव्हा कागद कुठे आहेत ते घरी सांगून ठेवा. सोबत पेन्शनर असतील तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला देऊनच निघू द्या.

खाजगी नोकरीत साठलेली रजा पुरेल असं गृहीत धरू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्जित रजा साठवायची मर्यादा ४५ दिवस आहे. कंपनीने जास्त दिली नाही तर उरलेले महिने बिनपगारी. त्या काळात पीएफ जमा होत नाही, हप्ते मात्र कापले जातात. ग्रुप मेडिक्लेम चालू राहणार का, हे एचआरकडून मेलवर घ्या. तोंडी ‘हो हो, राहील’वर जाऊ नका. केंद्र सरकारी नोकरांचं बरं आहे, त्यांना एका वेळी १८० दिवसांपर्यंत अर्जित रजा घेता येते. अर्थात मंजूर झाली तर.

पाठदुखीचं सर्टिफिकेट जोडून मेडिकल टाकणारे महाभागही असतात. मग नर्मदेच्या उगमाचा, अमरकंटकचा फोटो स्टेटसला!

‘फोनवर आहेच मी’ असंही कबूल करू नका. शूलपाणीच्या डोंगरात रेंजचा भरवसा नसतो आणि ऑफिसात तुमच्या नावाने शंख सुरू होतो.

रजा संपत आली आणि अमरकंटकच अजून लांब असेल तर मुदतवाढीचा मेल रजा संपण्याआधी गेला पाहिजे. नंतर पाठवलात तर विनापरवानगी गैरहजेरी लागते. नाहीच मिळाली तर खंड परिक्रमा करा: जिथे थांबलात तिथूनच पुढच्या मोसमात उचलायची. नोकरदारांत असे पुष्कळजण भेटतील.