एआय स्टार्टअपमध्ये पैसे घालण्यापूर्वी पडताळणी कशी करावी : नागपूरच्या गुंतवणूकदारांसाठी

ओळखीतल्या एखाद्या मुलाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी कंपनी काढली आहे आणि तिच्यात दहा-वीस लाख घालाल काय, अशी विचारणा आता नागपुरातील व्यापारी, डॉक्टर आणि निवृत्त अभियंत्यांकडे होऊ लागली आहे. जमीन आणि मुदत ठेव यांपलीकडे न गेलेल्या माणसाला असा प्रस्ताव पारखावा कसा, हेच कळत नाही. माझे मत स्पष्ट आहे. मॉडेल (माहितीवरून शिकून निर्णय देणारा संगणकीय प्रोग्राम) किती हुशार आहे याच्या चर्चेत शिरण्यापूर्वी ते कोणाच्या रोजच्या कामात वापरले जाते आणि तो माणूस त्यासाठी खिशातून पैसे मोजतो काय, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे. बाकीची तपासणी त्यानंतरची.

सर्वप्रथम रकमेचा आणि मार्गाचा निर्णय करावा. हा पैसा आठ-दहा वर्षे परत मिळणार नाही आणि पूर्ण बुडण्याचीही शक्यता मोठी आहे, असे धरूनच रक्कम ठरवावी. मुलीचे शिक्षण किंवा घराचा हप्ता यांसाठी ठेवलेली रक्कम इकडे वळवू नये. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१२ च्या नियमांखालील व्हेंचर कॅपिटल फंडात (अनेकांचे पैसे एकत्र करून नव्या कंपन्यांत घालणारा निधी) सामान्यतः किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातील कंपन्यांत पैसे घालणाऱ्या एंजल फंडांचे नियम २०२५ मध्ये बदलले असून आता ते केवळ मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांकडूनच पैसा घेऊ शकतात, आणि व्यक्तीला ही मान्यता मिळण्यासाठी वार्षिक उत्पन्न २ कोटी किंवा निव्वळ संपत्ती साडेसात कोटी (त्यातील निम्मी वित्तीय स्वरूपात) असावी लागते. उत्पन्न १ कोटी आणि संपत्ती ५ कोटी असा तिसरा पर्यायही आहे. या चौकटीत न बसणाऱ्यांपुढे कंपनीचे समभाग थेट घेण्याचा मार्ग उरतो, आणि त्यात पडताळणीचा सगळा भार स्वतःवरच येतो.

आता जागेवरची पाहणी. समजा, कंपनी कॅमेऱ्याने संत्र्यांची प्रतवारी करते. तिच्या कार्यालयातील पडद्यावर सगळी फळे अचूक ओळखली जातील, कारण ती छायाचित्रे तिनेच निवडलेली असतात. तेव्हा कळमना बाजारात किंवा काटोल-वरूड भागातील एखाद्या पॅकिंग केंद्रावर, माल उतरत असताना जावे. आंबिया बहराची फळे पावसाळ्यानंतर येतात आणि त्यांच्या सालीवर बऱ्याचदा हिरवट झाक असते. मृग बहराची फळे थंडी संपता संपता येतात आणि त्यांचा रंग वेगळा असतो. एकाच बहराच्या छायाचित्रांवर शिकवलेले मॉडेल दुसऱ्या बहरात गडबडू शकते, म्हणून दोन्ही बहरांतील चाचणीचे निकाल वेगवेगळे मागावेत. धुळीने काच माखल्यावर काय होते आणि वीज गेल्यावर काम कसे चालते, हेही पाहावे. मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तेथील अनुभवी प्रतवारी कामगाराला विचारावा : यंत्राने वेगळे काढलेले फळ तुम्ही पुन्हा हातात घेऊन बघता काय? तो प्रत्येक फळ पुन्हा बघत असेल, तर मजुरी वाचलेली नाही आणि पुढच्या हंगामात केंद्रचालक हे यंत्र ठेवेलच असे नाही.

नागपूर परिसरात अशा वापराची उदाहरणे पाहायला लांब जावे लागत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर धोक्याचा इशारा देणारी उपकरणे बसवण्यात आली. त्यांतून चालक सावध होतोच, शिवाय वारंवार इशारे येणाऱ्या रस्त्यांची माहितीही जमा होते. येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने गुलाबी बोंडअळीचे पतंग टिपणाऱ्या एआय आधारित कामगंध सापळ्यावर (पतंगांना गंधाने ओढून घेणारा सापळा) काम केले आहे. पोलीस तपासासाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये नागपुरातच मार्व्हल ही कंपनी स्थापन केली. शेतीतील वापरासाठी राज्याने २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले. ही कामे मोलाची आहेत. पण कोणताही संस्थापक सरकारी प्रकल्पाचे नाव घेऊन आला, तर तो प्रायोगिक करार आहे की खरेदी आदेश, एवढे कागदावर पाहून घ्यावे. प्रायोगिक कराराचे पैसे एकदाच मिळतात आणि सरकारी देयके निघायला वेळ लागतो, त्या काळात पगार कशातून होणार हे संस्थापकाला सांगता आले पाहिजे.

यानंतर हिशेब, आणि येथे एआय कंपनी जुन्या सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा खरोखर वेगळी आहे. लेखा सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत विकायला जवळपास काहीच खर्च येत नाही, परंतु एआय सेवेच्या प्रत्येक वापरामागे संगणनाचे भाडे मोजावे लागते. छातीच्या एक्स-रेचे उदाहरण घेऊ. क्षयरोगाच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरच्या वापराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, १५ वर्षे व त्यावरील वयोगटासाठी केली, त्यामुळे गरज खरी आहे. समजा, एक रुग्णालय महिन्याला १,००० एक्स-रेंसाठी २०,००० रुपये देते. प्रत्येक एक्स-रेमागे संगणनाचे २ रुपये आणि शंकास्पद अहवाल तपासणाऱ्या डॉक्टरांचे सरासरी १५ रुपये धरले, तर १७,००० रुपये तेथेच संपले. उरलेल्या ३,००० रुपयांत कर्मचाऱ्यांचे पगार आणि विक्रीचा खर्च भागत नाही. प्रत्येक नव्या रुग्णालयामागे हे खर्चही वाढत असतील, तर अशी कंपनी जितकी वाढेल तितकी तोट्यात जाईल. म्हणून माणसाने तपासाव्या लागणाऱ्या अहवालांचे प्रमाण दर महिन्याला कमी होत आहे काय, हा आकडा मी सर्वांत आधी मागेन. दुसऱ्या कंपनीचे मॉडेल भाड्याने घेतलेले असेल, तर तिने दर वाढवल्यास काय, हेही विचारावे.

माहिती कोणाची, हा प्रश्न अनेकजण विसरतात. रुग्णांचे एक्स-रे मॉडेल शिकवण्यासाठी वापरण्याची परवानगी करारात लिहिलेली आहे काय, ते वकिलाकडून वाचून घ्यावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या छोट्या कंपनीला त्याचा अल्पसा भागही पेलणार नाही.

मोठ्या गुंतवणूकदाराचे नाव पाहून विश्वास टाकू नये. बिल्डर.एआय या लंडनच्या कंपनीत मायक्रोसॉफ्ट आणि कतारचा सरकारी निधी यांचे पैसे होते. तरीही उत्पन्नाचे आकडे फुगवल्याचे उघड होऊन २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. त्यामुळे सादरीकरणातील विक्रीचे आकडे जीएसटी विवरणपत्रे आणि बँक खात्याचे उतारे यांच्याशी ताडून पाहावेत. दोन-तीन ग्राहकांना स्वतः फोन करावा, आणि ते ग्राहक संस्थापकाने सुचवलेल्या यादीबाहेरचे असावेत.

किमतीची बोलणी करताना पुढच्या फेऱ्यांचा, म्हणजे कंपनी नवे समभाग विकून पुन्हा पैसा उभारेल त्या वेळांचा, विचार आधीच करावा लागतो. तुमचे १० लाख धरून कंपनीचे मूल्य १० कोटी ठरले, तर तुमचा हिस्सा १ टक्का. पुढे दोन फेऱ्यांत प्रत्येक वेळी फेरीनंतरच्या एकूण समभागांपैकी २० टक्के नव्या गुंतवणूकदारांकडे गेले की तो ०.६४ टक्के होतो. म्हणजे निव्वळ मुद्दल परत येण्यासाठीच कंपनी सुमारे साडेपंधरा कोटींना विकली जावी लागते. त्यातही नंतरच्या गुंतवणूकदारांनी आपली रक्कम आधी परत घेण्याची अट बहुधा घातलेली असते. त्यांचे ३ कोटी असतील आणि कंपनी ३ कोटींनाच विकली गेली, तर साधे समभाग असलेल्याच्या हाती काही येत नाही. निदान हिस्सा घटू नये म्हणून पुढच्या फेरीत आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात पैसे घालण्याचा हक्क करारात मागून घ्यावा.

शेवटी पैसे देण्याची रीत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी कंपनीला अशा समभागांसाठी जाहिरात करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप गटावर सगळ्यांना खुले आमंत्रण फिरत असेल, तर तेथेच थांबावे. पैसे रोख देऊ नयेत. तुमच्या नावे आलेले प्रस्ताव पत्र हाती आल्यावर कंपनीच्या स्वतंत्र बँक खात्यातच ते भरावेत. समभाग ६० दिवसांत मिळाले नाहीत, तर त्यानंतरच्या १५ दिवसांत रक्कम परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. वाटपानंतर १५ दिवसांत कंपनीने पीएएस-३ हा, कोणाला किती समभाग दिले ते सांगणारा अर्ज कंपनी निबंधकाकडे भरायचा असतो आणि तो भरेपर्यंत तुमचे पैसे वापरता येत नाहीत. हा अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून पाहता येतो. तो उतरवून घ्यावा, त्यात आपले नाव आणि समभागांची संख्या बरोबर आहे ना ते तपासावे, कंपनी कायद्यातील (भांडवल आणि उलाढालीवरून ठरणाऱ्या) लहान कंपनीच्या व्याख्येबाहेर असेल तर समभाग डीमॅट खात्यातच जमा झाल्याची खात्री करावी, आणि त्या खात्यावर नॉमिनीचे नाव त्याच आठवड्यात नोंदवून टाकावे.