घाटात ट्रेलर ओढताय? डिझेल-पेट्रोलच्या वादात या चुका टाळा

डिझेल पिकअप घ्यावा की पेट्रोल, यावर वाद रंगला की सगळे चढाबद्दलच बोलतात. अहो, चढ गाडी चढतेच. फार तर हळू चढेल, मागचे चार जण हॉर्न वाजवतील. खरी परीक्षा उतारावर असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डिझेल आहे म्हणून उतारावर निर्धास्त राहणं. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते, इंजिनाला हवा ओढताना जोर पडतो आणि गाडी आपोआप अडते. डिझेलचा वेग अशी झडप मिटून आवरला जात नाही, त्यामुळे नुसता पाय काढून ते फारसं धरत नाही. ही उणीव एक्झॉस्ट ब्रेक भरून काढतो. धूर बाहेर पडायची वाट आवळली की इंजिनच गाडीला मागे खेचतं, आणि मग डिझेल सरस ठरतं. पण कित्येक गाड्यांत त्याचं बटण वेगळं असतं, आणि ते दाबायचंच राहून जातं! उतार लागण्याआधी ते आणि टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना गिअर त्या हिशेबाने बदलणारी सेटिंग) चालू करा, वेग कमी करून खालचा गिअर घ्या.

जळकट वास येतोय, पेडल मऊ लागतंय, नेहमीपेक्षा खोल जातंय? ब्रेक तापलेत. सुरक्षित, सपाट जागा बघून थांबा, चाकांना ठोकळे लावा आणि वाट बघा. लालबुंद डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जाईल. पुढे निघाल्यावर ब्रेकवर सतत पाय ठेवण्याऐवजी जरा जोरात दाबून वेग उतरवा आणि सोडा.

दुसरी गडबड चढावरची. पेट्रोल इंजिन ४,००० आरपीएमच्या वर ओरडायला लागलं की लोक घाबरून वरचा गिअर टाकतात. ओरडू द्या, त्याची ताकद तिथेच आहे. काटा लाल पट्ट्यात जाऊ नये एवढंच बघा. उंचीचा फटका मात्र खरा. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे जवळपास एक तृतीयांश ताकद गेली. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, मग इंधन कुठलंही असो. डिझेल घाटात दमदार वाटतं त्यात टर्बोचा वाटा मोठा आहे, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

वजनाचा हिशेबही चुकतो. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेवर येतो. ३,००० किलोच्या ट्रेलरचे ३०० ते ४५० किलो थेट पिकअपच्या पेलोडमधून (गाडी स्वतःवर पेलू शकते त्या वजनातून) वजा होतात, वर माणसं आणि सामान. डिझेल इंजिन मुळात जड, म्हणून त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीचा पेलोड बहुधा कमीच असतो. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा सोडा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा.

आणि उतारावर ट्रेलर मागून ढकलत असेल तर इंजिनाला दोष देण्याआधी ट्रेलरचे ब्रेक तपासा. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीच्या वेगात ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबा. ट्रेलरने गाडी मागे ओढल्याचं जाणवलं पाहिजे, पण चाकं जाम व्हायला नकोत. काहीच जाणवलं नाही तर कंट्रोलरवरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवून पुन्हा बघा.