कंट्रोलर घ्यायला निघताय? आधी पट्टी काढा

ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर बघायला निघण्याआधी पोराच्या कंपासपेटीतली पट्टी काढा. ज्याला खेळायचंय त्याचा हात टेबलावर उताणा ठेवून मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप घ्या, अंगठ्याचं वेगळं, आणि फोनमध्ये लिहून ठेवा. घरात तिघं आळीपाळीने खेळणार असतील तर सगळ्यात लहान हात धरून चाला. बाबांचा पंजा लहान कंट्रोलरवर थोडा आखडेल, पण निभावेल. दहा वर्षांच्या मुलीचं उलटं निभत नाही.

सरप्राइज गिफ्टचा हट्ट सोडा, खेळणाऱ्याला सोबत न्या. नखं कापलेली असू द्यात.

दुकानात डेमो पीस मागा आणि घाई करू नका. डावा अंगठा स्टिकवर (अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी), उजवा बटणांवर, तर्जन्या मागच्या ट्रिगरवर, म्हणजे बंदुकीच्या घोड्यासारख्या बटणांवर. आता तळवा जराही न हलवता तर्जनी ट्रिगरच्या वरच्या बटणावर, म्हणजे बंपरवर न्या, परत खाली आणा. मग उजवा अंगठा सगळ्यात लांबच्या बटणापर्यंत जातोय का पाहा, आणि दोन्ही स्टिक आत दाबून बघा. दर वेळी पकड सोडून पुन्हा धरावी लागत असेल तर तो कंट्रोलर त्या हाताचा नाही, रंग कितीही आवडलेला असो. मायक्रोसॉफ्टलाही हे आधी कळलं नव्हतं: 2001 च्या त्यांच्या पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलचा ‘ड्यूक’ नावाने ओळखला जाणारा कंट्रोलर इतका अवाढव्य होता की जपानसाठी लहान कंट्रोलर काढावा लागला, आणि पुढे तोच सगळीकडे द्यायला लागले. 2020 चा एक्सबॉक्स कंट्रोलरही आधीच्यापेक्षा किंचित लहान केलाय, लहान हातांसाठीच.

वजनही बघा. पीएस4 (प्लेस्टेशन 4) चा ड्युअलशॉक कंट्रोलर साधारण 210 ग्रॅम, पीएस5 चा ड्युअलसेन्स 280 च्या आसपास. पाच मिनिटांत फरक कळणार नाही, तासाभराने मनगट सांगेल. निन्टेन्डो स्विच कन्सोलचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर, जॉय-कॉन, आडवा धरून मुलं मजेत खेळतात, मोठ्यांचे अंगठे मात्र एकमेकांत गुंततात.

आपल्याकडच्या दमट हवेत हात घामेजतात, म्हणून मुठीजवळ खरखरीत पोत असलेला बरा. गुळगुळीत मूठ मे महिन्यात निसटते.

डोंबिवली-कळव्याकडून येणाऱ्यांनी संध्याकाळची गर्दी टाळावी. घरच्या कन्सोलला किंवा पीसीला चालतो ना, हे विचारा. आणि सील फोडल्यावर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या.