घरात सापडलेली जुनी व्हिस्की: वय, खरेपणा आणि किंमत

माळवद उतरवताना, माळ्यावरची ट्रंक उघडताना नाहीतर दिवाळीच्या झाडलोटीत एखादी सीलबंद बाटली हाती लागते. कुणी आखातातून आणलेली, कुणाला फौजेतल्या मेव्हण्याने दिलेली. मग घरात चर्चा सुरू होते: तीस वर्षं पडून आहे, म्हणजे आता केवढी जुनी झाली असेल!

तर जुनी झाली ती बाटली, आतली व्हिस्की नव्हे. व्हिस्की मुरते ओकच्या पिंपात. काचेत भरली की मुरणं थांबतं. 12 वर्षांची म्हणून 1990 मध्ये भरलेली व्हिस्की आजही 12 वर्षांचीच आहे. लेबलवरचा आकडाही सरासरी नसतो. मिश्रणातली सगळ्यात कोवळी व्हिस्की पिंपात किती वर्षं होती, ते तो सांगतो. आकडा नसलेली स्कॉच किमान 3 वर्षं पिंपात असते, कारण त्याखाली तिला स्कॉच म्हणताच येत नाही. म्हणजे किंमत असलीच तर ती बाटलीच्या दुर्मिळपणाची असते. त्यामुळे आधी बाटली कधी भरली ते शोधायचं.

कधी भरली, हे लेबलवरून

बाटली ओल्या फडक्याने पुसू नका. जुन्या लेबलची शाई आणि डिंक दोन्ही पाण्याने सुटतात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, उजेडात धरा, मोबाइलवर पुढचं लेबल, मागचं लेबल, झाकण आणि बूड असे चार फोटो काढा. मग फोटो मोठा करून बारीक अक्षरं वाचा, बाटली सारखी हातात फिरवत बसू नका.

पहिली खूण तीव्रतेची, म्हणजे अल्कोहोलच्या प्रमाणाची. ब्रिटनमध्ये 1980 पासून टक्के छापू लागले, त्याआधी ‘प्रूफ’ असायचं. ब्रिटिश 70 प्रूफ म्हणजे 40 टक्के आणि 100 प्रूफ म्हणजे 57.1 टक्के. अमेरिकेचं प्रूफ वेगळं, ते टक्क्यांच्या बरोबर दुप्पट, म्हणून तिकडचं 80 म्हणजे 40 टक्के. ही गल्लत फार होते. ब्रिटिश बाटलीवर ‘70’ दिसलं की लोक 35 टक्के धरतात आणि पाणी घातलंय म्हणून मोकळे होतात. आपल्याकडच्या बाटल्यांवर 42.8 टक्के हा आकडा येतो तो याच जुन्या मापातून. 75 प्रूफ, म्हणजेच ‘25 यू.पी.’. इथे यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ, उत्तर प्रदेश नव्हे.

दुसरी खूण मापाची. फ्लुइड औंसात माप असेल तर बाटली बहुधा 1980 च्या आधीची. ब्रिटनच्या बाजारातली बाटली साधारण 1990 पर्यंत 75 सेंटिलिटरची होती, नंतर 70 ची झाली. पण आपल्याकडचा खंबा आजही 750 मिलीचाच आहे आणि अमेरिकेचीही बाटली तेवढीच. त्यामुळे नुसतं ‘750’ पाहून बाटली जुनी ठरवू नका, आधी ती कुठल्या बाजारासाठी भरली ते पाहा. एक लिटरची असेल तर बहुतेक विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीची.

अमेरिकन बाटलीच्या काचेवरच ‘फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर री-यूज ऑफ धिस बॉटल’ असं उठावदार कोरलेलं असेल तर ती 1935 ते 1964 या काळातली. स्कॉचवर राजचिन्हाखाली ‘हर मॅजेस्टी’ असेल तर 1952 नंतरची, दिवंगत सहाव्या जॉर्ज राजाचा उल्लेख असेल तर 1952 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. ‘एल’ने सुरू होणारा, ठिपक्यांनी उमटवलेला लॉट क्रमांक दिसला की बाटली 1990 च्या आसपासची किंवा नंतरची समजा. तो बहुधा काचेवरच बुडाजवळ असतो आणि तिरपा प्रकाश पडल्याशिवाय दिसत नाही.

देशी बाटलीचा पत्ता वाचायला मजा येते. सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरची. इंग्रजीत ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा 1995 च्या आधीची, ‘मद्रास’ असेल तर 1996, ‘कलकत्ता’ असेल तर 2001. कंपन्या जुनी छापील लेबलं संपेपर्यंत वापरतात, म्हणून एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. 14 आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक दिसला तर बाटली फारशी जुनी नाही, 2011 च्या पुढची.

पातळी: सगळ्यात आधी भाव इथेच पडतो

बाटली सपाट टेबलावर उभी ठेवा, मागून टॉर्च धरा. बाटली पारदर्शक असेल तर द्रवाची वरची कड लगेच दिसते. हिरव्या किंवा तपकिरी काचेला अंधाऱ्या खोलीत टॉर्च बुडाकडून मारावा लागतो. बुचाच्या खालच्या टोकापासून द्रवापर्यंतचं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. पातळी मानेत असेल तर उत्तम, मान आणि खांदा मिळतात तिथे असेल तर जुन्या बाटलीला चालून जातं, खांद्याच्या मध्यावर आली की भाव पडतो आणि त्याखाली गेली की संग्राहक हात लावत नाही. नुसती व्हिस्की कमी झाली एवढंच नसतं. जिथून वाफ बाहेर गेली तिथूनच हवा आत आली, त्यामुळे चवही गेलेली असते.

अजून झिरपतेय की थांबलीय, हे कळायला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा पुरे. आज वजन करा, तीन महिन्यांनी पुन्हा करा. 40 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 1 मिली म्हणजे सुमारे 0.95 ग्रॅम, म्हणून साडेनऊ ग्रॅम घटले तर अंदाजे 10 मिली उडाली. चिनी मातीच्या सुरयांना तर हाच एक उपाय, कारण आतलं दिसतच नाही. हलवून आवाज ऐकण्याच्या फंदात पडू नका, जुनं बूच तेवढ्यानेही सुटतं. क्रिस्टलच्या किंवा चकाकी दिलेल्या जुन्या सुरईत वर्षानुवर्षं राहिलेली व्हिस्की पिऊ नये, त्यात शिसं उतरलेलं असू शकतं.

आपल्याकडच्या उन्हात कशी ठेवायची

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात 42-43 अंश ही काही बातमी नसते. पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. दिवसा द्रव फुगतो, बुचावर दाब येतो. रात्री आकसतो आणि हवा आत ओढली जाते. असे शंभर दिवस गेले की बूच ढिलं पडतं. म्हणून माळा, गच्चीची खोली आणि पश्चिमेची भिंत टाळा. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीतली तळमजल्याची देवळी किंवा आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा सगळ्यात बरा. फ्रिज नको. तिथल्या ओलाव्याने लेबल सुटतं.

बाटली नेहमी उभी. वाइन आडवी ठेवतात हे ऐकून लोक व्हिस्कीही आडवी टाकतात आणि 40 टक्के अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. उन्हाने लेबल आणि व्हिस्कीचा रंग दोन्ही उडतात, तेव्हा खोका असेल तर बाटली त्यातच राहू द्या. खोक्याचेही पैसे येतात. फक्त कसर आणि वाळवी बघा, लेबलमागचा डिंक कसरीला फार आवडतो. खोका जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका. झाकणाभोवती पॅराफिल्मचे (प्रयोगशाळेत वापरतात त्या ताणणाऱ्या मेणचट पट्टीचे) दोन-तीन ताणलेले वेढे दिले की झिरपणं बरंच कमी होतं. मेण ओतू नका, विकताना तेच संशयास्पद दिसतं.

खरी की भरलेली?

महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांना भंगारात वेगळा भाव मिळतो, याचं कारण उघड आहे: त्यांत हलकी दारू भरून त्या पुन्हा विकल्या जातात. म्हणून स्वतःची बाटली संपली की लेबलवर चाकूने दोन फुल्या मारा, मगच टाका.

तपासताना झाकणापासून सुरुवात करा. फिरकीच्या झाकणाची खालची कडी जोडलेली हवी. तुटून परत चिकटवलेली असेल तर नखाला डिंकाचा खडबडीतपणा लागतो. बऱ्याच स्कॉच बाटल्यांच्या तोंडात गोळी असलेलं प्लास्टिकचं नोझल असतं, ते उचकटल्याचे ओरखडे काचेच्या ओठावर राहतात. लेबलच्या कडेने ताज्या डिंकाची चमक, चुकलेलं स्पेलिंग, खोक्यावर आणि बाटलीवर वेगवेगळी तीव्रता, ही पुढची चिन्हं. लेबल जीर्ण आणि झाकण कोरं करकरीत असेल तर शंका घ्याच. उलट, तळाशी चार काळसर कण दिसले म्हणून घाबरू नका, ते बुचाचा चुरा असतात. थंडीत आलेला धूसरपणाही खोली तापली की जातो.

शंकेची बाटली ‘घोटभर चाखून बघू’ म्हणून फोडू नका. बनावट दारूत असू शकणारं मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल चवीला कळत नाही आणि त्याचा त्रास 12 ते 24 तासांनीही सुरू होतो: ओकारी, पोटदुखी, डोळ्यांपुढे धुकं. असं काही वाटलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

किंमत काढायची रीत

यूट्यूबवर कुणी सांगितलेला किंवा जाहिरातीत मागितलेला भाव म्हणजे किंमत नव्हे. ब्रिटनमधल्या ऑनलाइन व्हिस्की लिलावांचे जुने निकाल उघडे असतात. तिथे आपल्याच मापाची, तीव्रतेची, काळाची आणि पातळीची बाटली प्रत्यक्ष कितीला *गेली*, ते बघा. शेवटचे सहा-सात व्यवहार घ्या, सगळ्यात वरचा आणि खालचा सोडा, उरलेल्यांतला मधला धरा. विकणाऱ्याचं कमिशन, विमा आणि पाठवणी वजा जाता जे उरतं ती खरी रक्कम.

बातम्यांतल्या आकड्यांनी डोकं फिरवून घेऊ नका. 2023 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात 1926 मध्ये गाळलेल्या मॅकॅलन स्कॉचची एक बाटली सुमारे 21 लाख 87 हजार पौंडांना गेली हे खरं, पण ती ज्या पिंपातली होती त्यातून अवघ्या 40 बाटल्या निघाल्या होत्या. कपाटात सापडते ती बहुधा लाखोंनी बनलेली ब्लेंडेड, म्हणजे अनेक कारखान्यांच्या व्हिस्कीच्या मिश्रणाची स्कॉच. नव्वदीतल्या ब्लॅक लेबलला आजच्या नव्या बाटलीहून फार जास्त कुणी देत नाही. भाव मिळतो तो बंद पडलेल्या कारखान्यांच्या सिंगल माल्टला, म्हणजे एकाच कारखान्यातल्या, फक्त माल्ट केलेल्या बार्लीच्या व्हिस्कीला. पोर्ट एलन आणि ब्रोरा 1983 मध्ये बंद झाले, रोझबँक 1993 मध्ये. तिन्ही आता परत सुरू झाले, तरी जुन्या मालाला मागणी आहेच.

देशी जुन्या क्वार्टर-खंब्यांना तसा लिलाव-बाजार नाही. त्यांतल्या बहुतेकांचा मोठा हिस्सा मळीच्या स्पिरिटचा, आपल्याच साखर कारखान्यांच्या पट्ट्यातला. युरोपच्या नियमात व्हिस्की धान्याचीच लागते, म्हणून तिकडे तिला त्या नावाने विकता येत नाही. सिंगल माल्टची गोष्ट निराळी. 2004 मध्ये ग्लासगोत बाजारात आलेल्या, बंगळुरूच्या अमृत या कंपनीच्या सुरुवातीच्या बाटल्यांना ग्राहक आहे. त्यांच्यावर वयाचा मोठा आकडा नसतो, कारण बंगळुरूच्या हवेत पिंपातून वर्षाला 10-12 टक्के उडून जाते, स्कॉटलंडात जेमतेम 2.

विकता येते का?

इथे, एकाने दुसऱ्याला, नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, मग ती सीलबंद असो की वडिलोपार्जित. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून भाव विचारणंही अंगाशी येऊ शकतं. बाळगायलाही परमिट लागतं आणि त्याला मर्यादा आहे. एकदम पेटीभर बाटल्या सापडल्या तर जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात आधी विचारा. ‘संरक्षण दलांसाठीच’ छापलेली कॅन्टीनची बाटली कुठल्याच बाजारात आणू नका. आणि नांदेडहून यवतमाळमार्गे नागपूरला जाताना वर्धा जिल्हा लागतो. तिथे दारूबंदी आहे. डिकीत बाटली ठेवून त्या रस्त्याने जाऊ नका.

फोडायचीच ठरली तर

बाटली खरी आहे आणि पातळी ठीक आहे, पण भाव नाही, तर प्यायला हरकत नाही. आदल्या दिवशी ती दहा सेकंद तिरपी धरून बूच आतून ओलं करा आणि परत उभी ठेवा. उघडताना बूच न पिळता हळूहळू डोलवत वर घ्या. तुटलंच तर उरलेला तुकडा वाइनच्या स्क्रूने काढा, नाहीच निघाला तर आत ढकला आणि सगळी व्हिस्की कॉफीच्या फिल्टर पेपरमधून धुतलेल्या कोरड्या बाटलीत गाळून घ्या. जुन्या बाटलीचा पहिला वास कधीकधी पुठ्ठ्यासारखा कोंदट येतो. 30 मिली ग्लासात ओतून वीस मिनिटं थांबा, बऱ्याचदा तो जातो. ‘रूम टेंपरेचर’ला प्या असं जे लिहिलेलं असतं ते स्कॉटलंडच्या खोलीचं, 18-20 अंशांचं. आपल्या मे महिन्यातल्या खोलीत नुसत्या अल्कोहोलचा भपका येईल, म्हणून आधी अर्धा तास ग्लास फ्रिजमध्ये ठेवा आणि चमचाभर साधं पाणी घाला. बाटली निम्मी झाली की उरलेली 180 मिलीच्या स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ भरा, कारण अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या हवेने जुनी व्हिस्की काही महिन्यांतच सपक होते.