अडीचशे कलाकृती आणि सुतार की झोपडी

पडद्यावर नटराज आला तेव्हा मला वाटलं, आजचे गुण घरचेच. औरंगाबादहून आम्ही न्यू जर्सीला आलो तेव्हा मी नववीत होते. अकरावीत ‘एपी आर्ट हिस्टरी’ घेतलं, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा कलेचा इतिहास. शंकराबद्दल त्या वर्गात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? १५ मिनिटांत दीड पान खरडलं. तांडव, डमरूचा नाद, अपस्मार राक्षस, प्रलय, सगळं आलं. ५ पैकी १ गुण मिळाला. समासात बाईंचा प्रश्न होता, ‘यातलं मूर्तीत कुठे दिसतं?’

शेजारच्या मुलीने नटराज जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. बाईंनी जवळून काढलेले फोटोही दाखवले होते, त्यात तिला बैठकीची भोकं दिसली. भोकं म्हणजे दांडे ओवायची सोय, म्हणजे मूर्ती खांद्यावर घेऊन जात असणार, म्हणजे गाभाऱ्यात एका जागी राहणारी नाही, मिरवणुकीची. म्हणूनच ती कांस्याची आणि मागूनही नीट घडवलेली. तिला ४ मिळाले. मी आरत्या ऐकत वाढले, गणपतीची पालखी पाहिली, आणि ती भोकं मला दिसली नाहीत.

हा विषय घेणाऱ्या मराठी मुलांना मी हा किस्सा आधी सांगते. कारण आपण घोकंपट्टीत पटाईत आणि हा अभ्यासक्रम घोकायला अगदी सोयीचा दिसतो. ठरलेल्या २५० कलाकृती आहेत. प्रत्येकीचं नाव, कलावंत किंवा संस्कृती, काळ, साहित्य. मी लगेच २५० कार्डं कापली. कार्डं लागतात, नाही असं नाही. पण निबंधात ओळख पटवायला बहुतेक ठिकाणी दोन अचूक तपशील पुरतात. उरलेले गुण दिसतं काय आणि ते तसं का केलं, याचे असतात.

एक फायदा मात्र आपल्याला फुकट मिळतो. कार्डांवर अवघड नावं मी देवनागरीत लिहायचे. ‘कोयोलशाउकी’ एकदा असं लिहिलं की विसरत नाही. (१९७८ साली मेक्सिको शहरात विजेच्या कामगारांना खोदताना सापडलेली ती अॅझ्टेक देवतेची शिळा.) वर्गातली अमेरिकन मुलं त्या नावाला शेवटपर्यंत अडखळत होती.

परीक्षेचं गणित सरळ आहे. एका तासात ८० बहुपर्यायी प्रश्न, मग दोन तासांत ६ लेखी उत्तरं. दोन्ही भागांना निम्मे निम्मे गुण. २०२५ पासून सगळं संगणकावर, त्यामुळे टायपिंगचा हात बसवून ठेवा. शेवटी १ ते ५ मध्ये निकाल येतो. कॉलेजचं क्रेडिट (म्हणजे हा विषय तिथे झालाच असं धरणं) कितीला मिळेल हे ज्या त्या कॉलेजवर असतं, ते आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा. ‘चित्रकला येत नाही, चालेल का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. चालेल. मला अजून घोडा काढता येत नाही. वेगळी शिकवणी लावायचीही गरज नाही. स्मार्टहिस्टरी या संकेतस्थळावर या कलाकृतींवरचे लेख आणि व्हिडिओ फुकट आहेत.

आता माझी तक्रार. अभ्यासक्रम जगाचा म्हणवतो, पण २५० पैकी १४१ कलाकृती भूमध्य समुद्राच्या काठचं प्राचीन जग, युरोप आणि युरोपीय वळणाची अमेरिका या तीन विभागांत आहेत. अख्ख्या आफ्रिकेला १४. भारतातल्या पाच: सांचीचा स्तूप, खजुराहोचं लक्ष्मण मंदिर, नटराज, बिचित्रने रंगवलेला वाळूच्या घड्याळावर बसलेला जहांगीर आणि ताजमहाल. अजिंठा नाही, वेरूळ नाही. औरंगाबादच्या मुलीला हे लागणारच. बाईंकडे कुरकुर केली तर त्या म्हणाल्या, तुलनेच्या निबंधात दुसरी कलाकृती यादीबाहेरची घेता येते. घे की मग!

यादीत रोममधलं सांता सबिना चर्च आहे, साधारण इ.स. ४२२ ते ४३२ मधलं. मध्ये लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला अर्धगोल. तो आराखडा पाहताना मला राहून राहून काहीतरी आठवत होतं. वेरूळचं दहावं लेणं! साधारण सातव्या शतकातलं, खांबांच्या दोन रांगा, टोकाला अर्धगोल आणि तिथे स्तूप. तुलना इथपर्यंत कुणीही आणेल. गुण पुढे असतात. सांता सबिनात नजर आणि पावलं वेदीपाशी थांबतात, वेरूळला खांबांमागून स्तूपाभोवती प्रदक्षिणेची वाट जाते. चर्च विटांवर विटा रचून उभं राहिलं, लेणं कातळ काढून टाकत टाकत झालं. चर्चला खरोखरच लाकडी छप्पर लागतं. लेण्याला कसल्याच आधाराची गरज नाही, तरी छतावर लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात. ते का, हे लिहायला मी अर्धं पान घेतलं: लाकडी चैत्यगृहांची (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहांची) सवय झालेल्या डोळ्यांना देवघर तसंच दिसायला हवं होतं. कोरणाऱ्यांनी सोय नाही, ओळख राखली. त्या सराव निबंधाला ८ पैकी ७ मिळाले. प्रत्यक्ष परीक्षेत वेरूळ बसेल असा प्रश्नच आला नाही, तो भाग वेगळा.

निबंध लिहिण्याआधी डिसेंबरच्या सुट्टीत औरंगाबादला गेले होते. शाळेच्या सहलीत या लेण्यात आवाज घुमवून बघण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. या वेळी वरच्या सज्जात उभी राहून मान मोडेस्तोवर छत बघितलं, वहीत एकेक रेघ मारत. आजोबा बाहेर पायरीवर बसले होते.

‘इतका वेळ काय करत होतीस गं?’

‘फासळ्या मोजत होते.’

‘दगडाच्या?’

‘हो ना.’

‘म्हणून तर या लेण्याला सुतार की झोपडी म्हणतात,’ आजोबा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.